फूटिंगची जाळी ४०५ किलो भरते, मग ठेकेदार पावणेदोन टन कसं सांगतोय?

काळीभोर_मंगळवेढा

नमस्कार मंडळी. मंगळवेढ्यात घर बांधतोय, वडिलांच्या प्लॉटवर, खाली-वर दोन मजले, ३० बाय ४० फूट. जमीन आपली नेहमीची काळी, आत्ता खड्डे चालू आहेत आणि सहा फुटांवर मुरूम लागेल असं सगळे म्हणतायत. मी हायस्कूलला गणित शिकवतो, त्यामुळे आरसीसीचं ड्रॉइंग हातात आल्यावर स्वतः मांडून बघितल्याशिवाय चैनच पडेना.

कॉलम १२ आहेत, चारच्या तीन ओळी. फूटिंग (कॉलमच्या तळाचा रुंद पाया) तीन प्रकारची. एफ१ सहा नग, १.५ बाय १.५ मीटर, १२ एमएम सळई १५० वर, म्हणजे दर १५० एमएमला एक, दोन्ही दिशांनी. एफ२ चार नग, १.८ बाय १.८, १२ एमएम १२५ वर. एफ३ मधले दोन, २.१ बाय २.१, तेही १२ एमएम १२५ वर. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, ५०.

माझा हिशोब असा की एफ१ ला दोन्ही बाजूचं कव्हर जाऊन सळईची लांबी १.४० मीटर, १४०० भागिले १५० म्हणजे ९, दोन दिशांच्या मिळून १८, म्हणजे २५.२ मीटर, १२ एमएम मीटरला ०.८८९ किलो म्हणून एका फूटिंगला २२.४ किलो, सहाचे १३४. तसंच एफ२ चे १५७ आणि एफ३ चे ११४. बेरीज ४०५ किलो.

आणि ठेकेदार म्हणतो पायासाठी पावणेदोन टन मागवून ठेवा. चौपटीपेक्षा जास्त! माल आमचा आणि मजुरी त्याची स्क्वेअर फुटावर असं ठरलंय. वडील म्हणतात जुना माणूस आहे, गावातली पन्नास घरं त्याने बांधलीत, उगाच संशय घेऊ नको. मला त्याच्याशी भांडायचं नाहीये पण पैसे वडिलांच्या ग्रॅच्युइटीचे आहेत आणि एवढा फरक डोळ्यांआड करवत नाही. माझं कुठे चुकतंय का तो वाढवून सांगतोय, जाणकारांनी प्लीज सांगा.

बांधकाम_बारामती

सर एवढा हिशोब करत बसू नका. फूटिंगला एका घनमीटर काँक्रीटला ८० किलो स्टील धरायचं. तुमचं काँक्रीट किती आहे ते काढा आणि ८० ने गुणा, उत्तर येईल. सगळे असंच करतात.

साइटवरचा_सांगली

८० किलोवाल्या दादांशी मी सहमत नाही, पण त्यावर नंतर येतो. आधी सर तुमचा हिशोब.

दोन गोष्टी जाळीतच राहिल्यात आणि एक मोठी गोष्ट जाळीच्या बाहेर राहिलीये.

पहिलं म्हणजे नग. १४०० ला १५० ने भागून ९.३३ आले, तुम्ही ९ धरले. पण ती ९.३३ ही सळ्यांमधली अंतरं आहेत, सळ्या नाहीत. अंतरं वरच्या आकड्याला न्यायची, म्हणजे १०, आणि सळ्या त्याहून एक जास्त, ११. कुंपणाचे खांब मोजताना करतो तेच. खाली आणलं तर अंतर १५० च्या वर जातं आणि ते डिझाइनमध्ये बसत नाही.

दुसरं, ड्रॉइंगचं सेक्शन नीट बघा, जाळीच्या सळ्यांची टोकं वर वाकवलेली दाखवली असतील. तुमच्या फूटिंगची जाडी कडेला ३०० आणि मध्ये ४५० असावी असं धरतो, म्हणजे खालचं ५० वरचं ५० जाऊन वाकवलेला पाय २०० चा. मग कटिंग लांबी १४०० अधिक २०० अधिक २००, वजा दोन वाकांचे. ९० अंशाच्या एका वाकाला दोन व्यास कमी करतात, म्हणजे २४ आणि २४. राहिले १७५२. अशा २२ सळ्या, ३८.५ मीटर, ३४.३ किलो. तुम्ही २२.४ धरले होते, एका फूटिंगला बारा किलो इथेच गेले. याच पद्धतीने एफ२ च्या ३० सळ्या २०५२ च्या, एका फूटिंगला ५४.७ किलो. एफ३ च्या ३४ सळ्या २३५२ च्या, ७१.१ किलो. सगळे मिळून जाळी ५६७ किलो.

आता ८० किलोचं. याच फूटिंगचं काँक्रीट मी काढलं, उताराचा भाग धरून, साधारण १३ घनमीटर येतं. ८० ने गुणलं तर १०४० किलो. प्रत्यक्षात ५६७, म्हणजे घनमीटरला ४४ च्या आसपास. सुट्या फूटिंगला एवढंच लागतं कारण काँक्रीटची जाडी कातरबलासाठी वाढवलेली असते आणि स्टील फक्त तळाला एकच जाळी. ८० चा आकडा राफ्टला (सगळ्या घराखालचा एकच सलग पाया) किंवा जोड फूटिंगला ठीक आहे, तिथे वर-खाली दोन जाळ्या असतात. एकच आकडा सगळीकडे लावला की कुणीतरी फसतं, कधी मालक कधी ठेकेदार.

आणि मोठी गोष्ट ही की ठेकेदार जेव्हा "पाया" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर फक्त जाळी नसते, प्लिंथपर्यंतचं (जोत्यापर्यंतचं) सगळं असतं. कॉलमच्या सळ्या जाळीवर उभ्या राहतात त्या तिथूनच सुरू होतात, त्यांना आवळणाऱ्या रिंगा आहेत, आणि वर प्लिंथ बीम. तुमच्या ड्रॉइंगमध्ये कॉलम आणि प्लिंथ बीमला काय दिलंय ते टाका, पुढचं काढून देतो.

एक सांगतो, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असाच जाळीपुरता माल मोजून दिला होता. जाळ्या बांधून झाल्या, कॉलम उभे करायला १६ एमएम कमी पडलं, दुकान बंद, आणि त्या रात्री पाऊस आला. दोन खड्डे भरले, जाळी चिखलात, सगळं उचलून घासून पुन्हा बांधायला तीन दिवस गेले. मालक एक शब्द बोलला नाही, पण त्या म्हातारबाबांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून प्लिंथपर्यंतचं पूर्ण शेड्यूल हातात असल्याशिवाय मी ऑर्डर देत नाही.

काळीभोर_मंगळवेढा

सर खूप आभार, खांबांचं उदाहरण मी स्वतः सातवीला शिकवतो आणि इथे मीच ते विसरलो. सेक्शन बघितलं, टोकं वर वाकवलेली आहेत, पाय २०० चा, कडेची जाडी ३००. तुम्ही धरलंत तसंच.

कॉलम सगळे २३० बाय ४५०, प्रत्येकी ६ नग १६ एमएम, रिंग ८ एमएम १५० वर आणि मध्ये एक लिंक (आडवा आकडा). फूटिंगच्या तळापासून प्लिंथ बीमच्या डोक्यापर्यंत २.४ मीटर. प्लिंथ बीम २३० बाय ३८०, वर दोन खाली दोन १२ एमएम, रिंग ८ एमएम १५० वर. बीमची एकूण लांबी मी मोजली, १२ मीटरच्या तीन आणि ९ मीटरच्या चार रांगा, ७२ मीटर.

साइटवरचा_सांगली

छान, आता सगळं आलं.

कॉलमची सळई जाळीवर ३०० चा एल करून उभी राहणार. तळाचं कव्हर आणि जाळीचे दोन थर सोडून प्लिंथच्या डोक्यापर्यंत २.३३ मीटर, त्यावर लॅपसाठी (वरची सळई जोडायला) १.४ मीटर सोडलं तर एक सळई ४ मीटरची. ७२ सळ्या, २८८ मीटर, १६ एमएम मीटरला १.५८, म्हणजे ४५५ किलो.

कॉलमची रिंग, कव्हर ४०, हूक धरून १.१० मीटर, लिंक पाव मीटरच्या थोडी वर. प्रत्येक कॉलमला प्लिंथपर्यंत १७. बारा कॉलमचे १११ किलो.

प्लिंथ बीमचे चार गज ७२ मीटर, टोकांचे वाक आणि लॅप धरून ३१८ मीटर, २८२ किलो. रिंगा साधारण ४५०, एक १.०८ मीटरची, १९३ किलो.

५६७, ४५५, १११, २८२, १९३. बेरीज १६०८. कटिंगमध्ये ३ ते ५ टक्के जातं, म्हणजे १६५० ते १६९०. तुमच्या ठेकेदाराने पावणेदोन टन सांगितलं ते बोटांवर मोजून सांगितलंय, आणि जवळपास बरोबर सांगितलंय. वडिलांचं ऐका.

वर बांधायची तार, टनाला ८ ते १० किलो. ती लोक विसरतात.

गजफिटर_पंढरपूर

गुरुजी नमस्कार. मी बावीस वर्षं गज बांधतोय, आमच्या भाषेत १२ एमएमला चार सूत अन् १६ ला पाच सूत. इंजिनिअर सायबांनी हिशोब बरोबर दिलाय पण एक गोष्ट कागदावर दिसत नाय ती सांगतो. गज १२ मीटरचा येतो. त्यातनं तुकडे कसे काढायचे यावर खरा माल जातो.

तुमच्या जाळीचे तुकडे तीन मापाचे, १७५२ चे १३२, २०५२ चे १२० अन् २३५२ चे ६८. आता नवखा पोरगा काय करतो, एकेक माप घेऊन सरळ कापत सुटतो. १७५२ चे एका गजात सहा बसतात अन् दीड मीटर उरतो, २२ गज लागले. २०५२ चे पाच बसतात अन् पावणेदोन उरतो, २४ गज. २३५२ चे पाच, १४ गज. झाले ६० गज, ६४० किलो.

मी काय करणार, एका गजात चार १७५२ चे अन् दोन २३५२ चे काढणार. ११.७१२ होतात, वीत-सव्वा वीत उरतं बास. असे २७ गज. अन् २०५२ चे पाच काढल्यावर जो १७४० चा तुकडा उरतो तो टाकायचा नाय, तुमच्या लहान फूटिंगला १७५२ पाहिजे अन् हा १७४० आहे, १२ एमएमनं कमी, म्हणजे प्रत्येक पाय सहा एमएमनं आखूड. पायाला तेवढ्यानं काय होत नाय, पण आधी डिझाइनवाल्यांना विचारून घ्यायचं, आपल्या मनानं नाय करायचं. २४ तुकडे तसे मिळाले. मोठ्याचे राहिलेले १४ तुकडे तीन गजात. आता मोजा, २४ अन् २७ अन् ३, ५४ गज. ५७६ किलो. सहा गज वाचले, ६४ किलो.

कॉलमचं ४ मीटर आलं ते लई चांगलं झालं. १२ मधनं बरोबर तीन, २४ गज, एक इंच वाया नाय. पण ४.१० झालं असतं तर दोनच निघाले असते अन् प्रत्येक गजाला ३.८ मीटरचा तुकडा पडला असता, ३६ गज लागले असते. म्हणून फिटरला कटिंगच्या आधी कागद द्या, गज आल्यावर नाय.

काळीभोर_मंगळवेढा

दादा तुमचं वाचून मी वहीत पुन्हा मांडून बघितलं, १३२ आणि ६८ दोन्ही बरोबर जुळतात. ६४ किलो म्हणजे आमच्यासाठी लहान गोष्ट नाही. आमच्या ठेकेदाराच्या फिटरला हा कागद दाखवतो, चालेल ना?

अजून दोन शंका. एक, दुकानदार म्हणतो बंडलवर घ्या, मोजायची कटकट नको. दुसरं, ठेकेदार म्हणाला १२ चा माल कमी पडला तर १० एमएम जवळ जवळ घालून भागवू. हे चालतं का?

स्ट्रक्चर_सोलापूर

सर, मी स्ट्रक्चरल डिझाइन करते, सोलापूर आणि आजूबाजूची बरीच घरं केलीत, त्यामुळे तुमची काळी माती चांगली ओळखीची आहे.

१० एमएमचं आधी. १२ एमएमचं क्षेत्रफळ ११३, १० चं ७८.५. म्हणजे १५० वरच्या १२ एमएमच्या जागी १० घालायचं तर अंतर १०० वर आणावं लागेल. "जवळ जवळ" म्हणजे नेमकं किती हे साइटवर डोळ्यांनी ठरवू देऊ नका, आणि तुमच्या डिझायनरच्या सहीशिवाय बदल अजिबात नको. वजनात फारसं काहीच वाचत नाही, उलट बांधायला सळ्या जास्त होतात.

बंडलचं. १२ एमएमच्या बंडलमध्ये बहुधा ५ गज, कागदावर ५३.३ किलो. १६ च्या बंडलमध्ये ३, ५६.९ किलो. पण आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकात १२ आणि १६ एमएमला वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं, ८ आणि १० ला ७ टक्के. बंडल मोजून पैसे दिले आणि माल हलका आला तर दीड-पावणेदोन टनात ७५-८७ किलोचे पैसे तुम्ही हवेला दिलेत असं होतं. म्हणून नग मोजायचे आणि पैसे काट्याच्या वजनावर द्यायचे, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी अशा दोन्ही पावत्या घेऊन. घरी एक मीटरचा तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा, १२ एमएम ८८९ ग्रॅम भरायला हवा. ८४५ च्या खाली आला तर मला तो माल संशयास्पद वाटेल. सळईवर एफई ५०० डी ही प्रत आणि कंपनीचं नाव उठवलेलं असतं ते प्रत्येक जाडीच्या सळईवर बघा, नुसतं बिलावर नको.

आता जे कुणी बोललं नाही ते. कॉलमचा लॅप प्लिंथला लागून घेऊ नका. आपल्याकडे सर्रास प्लिंथच्या डोक्यावर सगळ्या सळ्या एका पातळीला कापतात आणि तिथूनच नवीन जोडतात, पण भूकंपात कॉलमला सगळ्यात जास्त ताण तळाशी आणि डोक्याशीच येतो. आयएस १३९२० हे भूकंपासाठीचं मानक सांगतं की लॅप कॉलमच्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात घ्या आणि एका ठिकाणी अर्ध्याहून जास्त सळ्या जोडू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापूरकरांना कुणी सांगायला नको. मी तेव्हा लहान होते, आई आम्हाला उचलून अंगणात घेऊन आली होती, आणि पुढे आठवडाभर किल्लारीच्या बातम्या ऐकत आम्ही अंगणातच झोपत होतो. या विषयावर मी थोडी हट्टी आहे.

तुमच्या हिशोबात याचा अर्थ असा की ७२ पैकी ३६ सळ्या ४ मीटरच्या राहतील आणि ३६ साधारण मीटरभर लांब लागतील. ५७ किलो वाढले. पण ते वाया जात नाहीत, वरच्या कॉलममधून तेवढे कमी होतात. ते धरले की ठेकेदाराचे पावणेदोन टन जवळजवळ तंतोतंत भरतात. नेमकी लांबी तुमच्या डिझायनरकडून लिहून घ्या.

आणि जाळीखाली कव्हर ब्लॉक हवेतच, ५० एमएमचे, काँक्रीटचे. खडी किंवा फरशीचे तुकडे नकोत. काळ्या मातीत पावसाळाभर पाणी धरून राहतं, पीसीसीला (खालच्या साध्या काँक्रीटच्या थराला) टेकलेली सळई आतून गंजते आणि ते कुणाला दिसतही नाही.

काळीभोर_मंगळवेढा

मॅडम, लॅपबद्दल डिझायनर सरांना फोन केला, त्यांनी मान्य केलं आणि नवीन शीट पाठवतो म्हणाले. ६ एमएम आखूड पायालाही हो म्हणाले. ठेकेदाराशीही आज शांतपणे बोललो, सगळा कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते म्हणाले "मास्तर, आकडा मी बी असाच धरला हुता, पण मला लिहून दाखवता येत न्हाई". मी त्यांची माफी मागितली.

आज काटा करून १२ एमएमचा एक गज आणला होता, मीटरचा तुकडा ८७० ग्रॅम भरला. हे चालेल ना?

एक नवीन अडचण. बारापैकी दहा खड्ड्यांत सहा फुटांवर चांगला मुरूम लागला, पण ईशान्येच्या कोपऱ्यातल्या दोन खड्ड्यांत साडेसातला लागला. तिथे पूर्वी शेततळ्याचा चर होता असं शेजारचे आजोबा सांगतात. आता कॉलमच्या सळईचं काय?

स्ट्रक्चर_सोलापूर

८७० चालेल, मर्यादेत आहे. खड्ड्यांचे फोटो डिझायनरना पाठवा, आणि तळात पाणी असेल किंवा बाजूची माती सैल असेल तर तेही कळवा. मुरूम लागेपर्यंत खाली गेलात हे बरोबर केलंत, भराव टाकून लेव्हल जुळवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

गजफिटर_पंढरपूर

गुरुजी, दीड फूट म्हणजे ४५० एमएम. त्या दोन कॉलमच्या १२ सळ्या, त्यातल्या सहा ४.४५ च्या अन् सहा मॅडमनी सांगितलेल्या लांबीच्या अधिक ४५०. ४.४५ चे एका गजात दोनच निघत्यात, वर ३.१ मीटर उरतो. लांबवाल्याचे पण दोनच निघत्यात, म्हंजे दोन कॉलमला सहा गज धरा. रिंगा प्रत्येक कॉलमला तीन वाढवा. उरलेला ३.१ चा तुकडा भंगारात घालू नका, जिन्याला किंवा लिंटेलला ड्रॉइंगमधी १६ असेल तर तिथं लागंल, ते आत्ताच बघून ठेवा अन् तुकड्यावर खडूनं लिहून बाजूला रचा.

अन् अजून एक. १६ चा एक बी कट आत्ता मारू देऊ नका. आधी बाराच्या बारा खड्ड्यात पीसीसी होऊ द्या, मग पाण्याच्या नळीनं लेव्हल घेऊन प्रत्येक खड्ड्याच्या तळापास्नं प्लिंथच्या दोरीपतूर माप घ्या अन् खड्ड्याच्या नंबरासकट वहीत लिहा. मग कटिंग. १२ ची जाळी मात्र उद्या कापायला हरकत नाय, तिचं माप खोलीवर नसतंय.